वय खाली आणून काय हाती लागेल?

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये एका निकालात तीव्र खंत नोंदवली. या देशात अल्पवयीन गुन्हेगारांना फार सांभाळून घेतलं जातं आणि निर्भया प्रकरणातून कायदे करणाऱ्यांनी अजून काहीच धडा घेतलेला नाही, अशा आशयाची. त्याआधी चार महिन्यांपूर्वी पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला होता. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं, आणि बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. महाराष्ट्र खवळला. मग कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्यांची त्यात भर पडली आणि १८ ची मर्यादा थेट १४ वर आणा, अशी मागणी राजकारणातून उघडपणे होऊ लागली.

छत्तीसगडमधल्या आमच्या भिलाईत ही मागणी वेगळ्या वाटेने येते. खुर्सीपार, छावणी, सुपेला, कॅम्प यांपैकी कुठल्या तरी वस्तीत चाकूबाजी होते, पकडलेल्यांत दोन ‘नाबालिग’ निघतात, आणि दुसऱ्या दिवशी सेक्टरच्या क्वार्टरांपासून बाजारापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: चाकू चालवताना मोठा, शिक्षेच्या वेळी मात्र लहान, हे कसं चालेल? मराठी घरांतही हेच बोललं जातं. ज्यांच्या शब्दाला मान आहे, अशी माणसंही हे बोलतात.

हे वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं, पण ते चूक आहे. आणि ज्यांची पोरं उद्या पकडली जाणार आहेत त्यांच्यासाठी ते धोक्याचं आहे. ज्यांच्या घरातलं माणूस चाकूने गेलं त्यांच्याही हाती त्यातून काही लागत नाही.

सुरुवात इंदूरच्या निकालापासूनच करतो, कारण तिथेच या मागणीचं कच्चेपण दिसतं. निर्भया प्रकरणातून कायदे करणाऱ्यांनी धडा घेतला नाही, हे खरं नाही. त्या प्रकरणातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षं विशेष गृहात राहून डिसेंबर २०१५ मध्ये सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘निर्घृण’ गुन्ह्यात, १६ ते १८ वयाच्या मुलाची प्राथमिक चाचपणी करून त्याच्यावर मोठ्यासारखा खटला चालवता येतो. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये वय कमी करायला नकार दिला होता. संसदेच्या स्थायी समितीने २०१५ च्या सुरुवातीला हाच बदल घटनेशी विसंगत ठरवला होता. तरीही तो झाला. कडक कायदा मागणाऱ्यांना जे हवं होतं ते मिळून दहा वर्षं उलटली आहेत.

आणि इंदूरचं ते प्रकरण पाहा. चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला खालच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली होती. जुन्या कायद्यात तीन वर्षांच्या वर जाताच येत नव्हतं. म्हणजे कायद्याची सगळी कठोरता त्या खटल्यात वापरली गेली होती. पुढे तो मुलगा गृहातून इतरांबरोबर पळाला. आता सांगा, पळाला तो कायदा मऊ होता म्हणून, की ज्या भिंतींच्या आत त्याला ठेवायचं होतं तिथे पुरेशी माणसं, शिस्त आणि लक्ष नव्हतं म्हणून? वयाची मर्यादा १८ वरून १४ केली असती तर त्या गृहाचं दार जास्त घट्ट बंद झालं असतं का?

आमच्याकडेही हेच घडतं. दुर्गजवळच्या पुलगावात, वर्ध्याच्या नव्हे, शिवनाथकाठच्या आमच्या पुलगावात, जिल्ह्याचं बाल संप्रेक्षण गृह आहे. तिथून मुलं पळाल्याच्या बातम्या वेळोवेळी वाचायला मिळतात. प्रत्येक वेळी चर्चा होते ती मुलं किती बिघडली आहेत याची. रात्रपाळीला माणसं किती होती, समुपदेशक होते का, व्यसन सोडवण्याचा उपचार कोणाला मिळत होता का, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

‘मोठ्यासारखा खटला’ याचा अर्थही लोकांना ठाऊक नसतो. तसा खटला चालून दोषी ठरला, तरी २१ वर्षांचा होईपर्यंत मुलाला तुरुंगात पाठवता येत नाही. सुरक्षित स्थळी ठेवावं लागतं. २१ व्या वर्षी बाल न्यायालयाने त्याच्यात काय बदल झाला ते तपासायचं आणि मग सोडायचं की उरलेली शिक्षा भोगायला तुरुंगात पाठवायचं ते ठरवायचं. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप नाही. हा कायदा लाडाकोडाचा नाही. वापरायला मात्र तो कठीण आहे, कारण तो प्रत्येक टप्प्यावर काम करणारी माणसं मागतो.

वय कमी करण्याच्या बाजूने सगळ्यात जोरदार मुद्दा टोळ्यांचा आहे आणि त्याला सरळ भिडायला हवं. मोठे गुन्हेगार मुद्दाम १६-१७ वर्षांच्या पोरांच्या हातात चाकू देतात, कारण पोरं लवकर सुटतात. हे खरं आहे. रायपूर आणि दुर्गच्या पोलिसांनी ऑनलाइन मागवलेले चाकू जमा करायच्या मोहिमा काढल्या, त्या उगाच नव्हेत. नशेच्या गोळ्या, पंक्चरचं सुलेशन, आणि त्याच्या मागे उभा असलेला एखादा तिशीतला ‘भैया’ हे चित्र वस्तीत राहणाऱ्या प्रत्येक आईला माहीत आहे.

पण मग त्या भैयाचं काय? कायद्याच्या ८३ व्या कलमात अशा माणसासाठीच शिक्षा लिहून ठेवली आहे: बेकायदा कामासाठी मुलाला वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. ७७ व्या कलमात मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखभर दंड आहे. ७८ व्या कलमात मुलाकडून असा माल विकून घेणाऱ्याला शिक्षा आहे. कोणत्याही चाकूबाजीच्या बातमीत ही कलमं लावल्याचं तुम्ही कितीदा वाचलं आहे? पोराला पकडलं की प्रकरण संपलं असं मानायची आपल्याला सवय लागली आहे. मर्यादा १४ वर आणली तर भैया चाकू टाकून देणार नाही. तो तेरा वर्षांचं पोर शोधेल. तेरा वर्षांचं पोर तर आणखी स्वस्तात मिळतं, आणखी जास्त घाबरतं, आणि भैयाचं नाव तोंडातून काढत नाही. वय कमी करून आपण टोळीला इतकंच सांगू की आता आणखी लहान पोर घ्या.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०१६ मध्ये अल्पवयीनांविरुद्ध देशभरात ३५,८४९ प्रकरणं नोंदली गेली. २०२२ मध्ये ३०,५५५. त्या वर्षी देशात एकूण ५८ लाखांवर गुन्हे नोंदले गेले. मुलांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पकडलेल्या मुलांपैकी जवळपास ८० टक्के १६ ते १८ वयाची होती. चाकू लागलेल्या माणसाला टक्केवारीने काही दिलासा मिळत नाही, हे मी जाणतो. पण ‘लाट आली आहे’ असं सांगून कायदा बदलायचा असेल, तर लाट दाखवायला हवी. ती आकड्यांत नाही. ती मोबाइलवर आहे, जिथे एकच चित्रफीत एका गल्लीतून निघून चार राज्यांत फिरते.

अशा लाटेवर स्वार होऊन कायदे बदलणाऱ्या देशाचा अनुभव आपल्यासमोर आहे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत जॉन डिलुलिओ नावाच्या प्राध्यापकाने दया-माया नसलेल्या पोरांची एक पिढी येते आहे, असा इशारा दिला. राज्याराज्यांनी मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात ढकलणारे कायदे केले. ती पिढी आलीच नाही. मुलांचे गुन्हे घटत गेले आणि डिलुलिओ यांनी स्वतःच पुढे आपलं भाकीत चुकल्याचं मान्य केलं. पण कायदे राहिले, आणि त्यांचे परिणाम मोजता आले. २००७ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञ गटाने सगळे दर्जेदार अभ्यास एकत्र करून पाहिले. मोठ्यांच्या न्यायालयात पाठवलेली मुलं नंतर हिंसक गुन्ह्यांसाठी पुन्हा पकडली जाण्याचं प्रमाण, बाल न्यायालयात राहिलेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणजे कडक वागणुकीने चाकू कमी झाले नाहीत, वाढले.

फिनिक्स आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांत गंभीर गुन्हे केलेल्या १४ ते १७ वयाच्या १,३५४ मुलांच्या मागे संशोधक सात वर्षं राहिले. एडवर्ड मल्वी यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण तो सायकलचोरांचा नव्हता. त्यातली बहुतेक मुलं वयाबरोबर गुन्ह्यापासून दूर गेली. सातत्याने गुन्ह्यात राहिलेली मुलं दहातल्या एकाच्या आसपास होती. मुलाला जास्त काळ कोंडून ठेवल्याने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी झालं नाही. शिकागोत ॲना आयझर आणि जोसेफ डॉयल यांनी २०१५ मध्ये आणखी चोख पुरावा दिला. तिथे कोणत्या न्यायाधीशासमोर कोणतं मूल जाईल हे योगायोगावर होतं. काही न्यायाधीश मुलांना पटकन कोंडत, काही नाही. सारख्याच मुलांची तुलना झाली आणि कोंडलेल्या मुलांचं शिक्षण अर्धवट सुटणं, मोठेपणी तुरुंगात जाणं, दोन्ही वाढलेलं दिसलं.

‘एकदा तुरुंग दाखवा, मग सुधारतील’ हा आपल्याकडचा आवडता उपाय. अमेरिकेने तोही करून पाहिला. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात पोरांना आणून जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावलं जायचं. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. नंतर काटेकोर चाचण्या झाल्या. तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले.

परदेशी अभ्यास भिलाईला कसे लागू, असा प्रश्न येतो आणि तो योग्य आहे. आपल्याकडे असे दीर्घ अभ्यास जवळपास नाहीत, ही आपली लाजिरवाणी उणीव आहे. पण मग उलटं विचारा: मुलांना मोठ्यांच्या कोठडीत टाकल्याने गुन्हे घटतात, असं दाखवणारा एक तरी भारतीय अभ्यास कोणी पुढे केला आहे का? पुराव्याविना बदल मागणाऱ्यावर पुराव्याचा भार असतो.

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका गोष्टीची, जिच्याकडे चाकूच्या गोंगाटात कोणाचंच लक्ष जात नाही. कायद्याच्या जाळ्यात सापडणाऱ्या १६-१७ वर्षांच्या मुलांत अशीही मुलं आहेत ज्यांनी कोणाला ओरखडाही काढलेला नाही. मुलगी पळून गेली, बापाने ठाण्यात तक्रार दिली, मुलगी १८ च्या आतली, म्हणून मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा. एनफोल्ड या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले ७,०६४ निकाल तपासले. जवळजवळ चौथा हिस्सा अशा प्रेमप्रकरणांचा निघाला. पोक्सोतल्या लैंगिक संबंधाच्या कलमांत किमान शिक्षा दहा आणि वीस वर्षांची आहे, म्हणजे १७ वर्षांच्या प्रियकराचा गुन्हा आपोआप ‘निर्घृण’ ठरतो. मर्यादा १४ वर आणा, आणि दहावीतल्या मुलाला, दहावीतल्या मुलीवर जीव जडला म्हणून, मोठ्यासारखा आरोपी करा. मागणी करणारे हे मनात धरून बोलत नाहीत. पण कायदा बोलणाऱ्याचं मन पाहत नाही, कलम पाहतो.

आता पुण्याकडे येतो. त्या निबंधाबद्दल वाचून मलाही संताप आला. पण त्या प्रकरणात बिघडलं काय ते नीट पाहू. अल्पवयीनाला दारू दिल्याचा आरोप बारवर आहे. मोठ्यांच्या हातून गाडी मुलाकडे गेली. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप ससूनच्या डॉक्टरांवर आहे. मंडळाच्या दोन सदस्यांना राज्य सरकारने पुढे पदावरून काढलं. यातली एकही गोष्ट वयाच्या मर्यादेमुळे घडलेली नाही. प्रत्येक ठिकाणी मोठी माणसं आहेत आणि प्रत्येकासाठी कायद्यात कलम आहे. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्या मुलावर मोठ्यासारखा खटला चालवायला नकार दिला. लागलेल्या कलमात किमान सात वर्षांची शिक्षा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या शिल्पा मित्तल खटल्यात अशा गुन्ह्याला निर्घृण म्हणता येत नाही असं ठरवलेलं आहे. सदोष मनुष्यवधाच्या कलमाची चर्चा करायची तर जरूर करा. पण वयाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि पुण्याच्या गाडीवरचा राग शेवटी निघतो कुठे? भिलाईच्या कॅम्पमध्ये. नोंद विभागाने २०१४ मध्ये पकडलेल्या मुलांच्या घरची मिळकत छापली होती. निम्म्याहून अधिक मुलं वर्षाला २५ हजारांहून कमी मिळकतीच्या घरातली होती. बिल्डरच्या मुलासाठी वकील पहाटे हजर असतो. खुर्सीपारच्या मुलाचा बाप ठेक्यावर रोजंदारीला असतो. मंडळाच्या तारखेला आला तर दिवस बुडतो, आणि न आला तर जामीन मिळूनही पोराला न्यायला कोणी नसतं. कायद्याच्या १२ व्या कलमात जामीन हा नियम आहे, नकार हा अपवाद. गरिबाच्या बाबतीत हे उलटं होतं. कायदा आणखी कडक केला तर तो श्रीमंतापर्यंत पोचेलच याची हमी नाही. गरिबापर्यंत तो नक्की पोचतो.

भिलाईत एक गोष्ट यात आणखी आहे, ती बाहेरच्याला सुचणार नाही. इथे जगण्याचा मुख्य रस्ता पोलाद कारखान्याच्या गेटमधून जातो. कायमच्या नोकऱ्या घटत गेल्या आणि काम ठेकेदारांकडे गेलं, तरी गेटपास हवाच, आणि त्यासाठी पोलीस पडताळणी लागते. बाल न्याय कायद्याच्या २४ व्या कलमाने म्हणूनच मुलाचा गुन्हा पुढे त्याच्या आड येऊ नये आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट व्हावी अशी तजवीज केली आहे. पण हे संरक्षण मोठ्यासारखा दोषी ठरलेल्या मुलाला मिळत नाही. चौदाव्या वर्षी लागलेला डाग घेऊन तो विसाव्या वर्षी गेटवर उभा राहील, पास मिळणार नाही, आणि ज्या भैयाने त्याला पहिला चाकू दिला होता तो बाहेर वाट पाहत असेल. संशोधकांनी शिकागोत मोजलं ते भिलाईत याच वाटेने घडेल.

‘मुलाचा न्याय वेगळा’ हा विचार परदेशातून उसना आणलेला आहे, असंही काही जण म्हणतात. पण दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूरहून चालायचा आणि ज्या मध्य प्रांतात तो होता, त्याचा बाल कायदा १९२८ चा आहे. मुंबईचा त्याआधीचा, १९२४ चा. १९८० च्या दशकात तुरुंगातुरुंगातून फिरून मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेल्या मुलांची हकिगत सर्वोच्च न्यायालयापुढे नेली ती मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. १९८६ मध्ये न्यायालयाने त्या याचिकेवर मुलांना तुरुंगात न ठेवण्याचे आदेश दिले, आणि त्याच वर्षी देशाचा पहिला बाल न्याय कायदा झाला. मुलांना मोठ्यांत मिसळलं की काय होतं, हे आपण आपल्याच तुरुंगांत पाहून शिकलो आहोत. ते विसरण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय, हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात जड आहे. या कायद्यात पीडिताला फार थोडी जागा आहे, हे मी मान्य करतो आणि त्याबद्दल मला रागही आहे. चौकशी चार महिन्यांत संपावी, सामाजिक तपासणीचा अहवाल १५ दिवसांत यावा, असं कायदा म्हणतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या इंडिया जस्टिस रिपोर्टच्या अभ्यासात ३६२ मंडळांपुढच्या एक लाखाहून जास्त प्रकरणांपैकी ५५ टक्के ऑक्टोबर २०२३ अखेर पडून होती, आणि दर चार मंडळांतलं एक मंडळ पूर्ण सदस्यांविना चालत होतं. मुलगा गमावलेल्या आईला वर्षानुवर्षं कोणी काही कळवत नाही. वयाची मर्यादा १४ केली तर या ढिगात आणखी मुलं येतील आणि तिची तारीख आणखी लांबेल. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात मुलगा, त्याचं कुटुंब आणि पीडित यांना समोरासमोर बसवण्याची पद्धत आणली. तिथे मुलाला आपल्या कृत्याकडे पाहावंच लागतं, आणि पीडिताला आपलं म्हणणं ऐकून घेणारं कोणीतरी मिळतं. शिक्षेच्या वर्षांच्या आकड्यापेक्षा ही पद्धत पीडिताच्या कितीतरी जवळची आहे.

तेव्हा दुर्ग-भिलाईत निवेदन द्यायचंच असेल तर ते जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना द्या, आणि त्यात हे मागा. गेल्या तीन वर्षांत ८३, ७७ आणि ७८ या कलमांखाली किती मोठ्या माणसांवर गुन्हे नोंदवले गेले, तो आकडा जाहीर करा. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी कायद्याने असायला हवा. त्याचं नाव बाहेर फलकावर लावा. पुलगावच्या गृहात किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि व्यसनाधीन मुलांवर उपचार कोण करतं, ते सांगा. मंडळापुढे चार महिन्यांहून जुनी किती प्रकरणं आहेत ते दर तिमाहीला छापा. आणि अशा प्रत्येक प्रकरणात, ज्याचं नुकसान झालं त्या घराला पुढची तारीख लेखी कळवा.